मागाच्या खड्ड्यातला नाग

माळाच्या कडेला एका गावात एक सणगर राहत होता. घोंगड्या विणायचा. त्याचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेला होता. काठावर बसायचे, पाय खड्ड्यात सोडायचे, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा. याच खड्ड्यात पाय सोडून त्याचे केस पांढरे झाले होते.

एके दिवशी सकाळभर विणून तो जेवायला उठला. सहज वाकून पाहतो, तर पावड्यांच्या मागे कोपऱ्यात नाग वेटोळे घालून बसलेला.

सणगर ओरडून मागे सरला. गेल्या वर्षी त्याने अंगणात एक नाग ठेचला होता. "याच्या जोडीदारानं डूख धरला असणार," असे शेजारचा तेली तेव्हाच म्हणाला होता. सणगर तेव्हा हसला होता. आज त्याला हसू आले नाही.

त्याने काठीने नागाला डिवचले. नाग फणा काढून फुत्कारू लागला. पुन्हा डिवचले, तेव्हा त्याने काठीवर फणा आपटला.

ओरडणे ऐकून बायको आत आली, तेलीही धावत आला. "बघ, सांगत नव्हतो? तुला शोधत आलाय. पेटता कडबा टाक खड्ड्यात."

"माग जळेल."

"माग दुसरा मिळेल. तू दुसरा मिळणार आहेस का?"

मागावर लेकीच्या तान्ह्या बाळासाठी घोंगडी लावलेली होती, अर्धी विणून झालेली. सणगराने तिच्याकडे एकदा पाहिले आणि बायकोला म्हणाला, "चुलीतलं जळतं लाकूड आण."

बायको जागची हलली नाही. "सकाळपासून तुमचे पाय कुठं होते?"

"खड्ड्यात. आणखी कुठं असणार?"

"आणि हा कुठं होता?"

"हा आत्ता आलाय," तेली मधेच म्हणाला.

"पुढच्या दारात मी लोकर विंचरत बसले होते. मागचं दार बंद आहे. आत्ता काय माझ्या मांडीवरून आला? रात्री उंदरामागं आला असेल आणि पडला असेल. खड्डा सारवून गुळगुळीत केलाय तुम्ही, वर कसा येणार?"

सणगराने पुन्हा खड्ड्यात पाहिले. सकाळभर त्याचे पाय त्या नागापासून वीतभर अंतरावर हलत होते. नाग कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. फणा निघाला तो काठी लागल्यावर.

बायकोने गोठ्यातली फळी आणली, तिला गोणपाट गुंडाळले. सणगराने ती लांबून खड्ड्यात तिरकी सोडली. मागचे दार उघडले. मग दोघे भिंतीला टेकून उभे राहिले.

बराच वेळ काही झाले नाही. मग नाग हळूहळू फळीवरून वर आला आणि मागच्या दाराकडे निघाला. पण तेली पुढच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून तिथेच काठी उगारून उभा राहिला होता. नाग थबकला. फणा पुन्हा वर झाला.

सणगराला गेल्या वर्षीचा नाग आठवला. त्या नागाच्या मागे भिंत होती आणि पुढे सणगर स्वतः होता.

"तेली, दार सोड."

"हातातला सोडतोस? वेडा आहेस का?"

"त्याच्या विषाला मीही भितो. म्हणून तर म्हणतो, दार सोड."

तेली कुरकुरत बाजूला झाला. नागाने फणा मिटला आणि कोणाकडेही न बघता तो परसातल्या निवडुंगात निघून गेला.

घोंगडी वेळेवर लेकीकडे पोचली. पुढे सणगर काठीने खड्डा ठोकल्याशिवाय पाय आत सोडत नसे. आणि काम संपले की ती फळी खड्ड्यात तिरकी लावून ठेवी. कोणी विचारले तर म्हणे, "चुकून पडलेल्याला वर यायला."

तात्पर्य: कोंडलेल्या जिवाचा फणा रागाने नाही, भीतीने उठतो. त्याची वाट अडवू नये, आपण लांब व्हावे.