खजिनदाराच्या तोंडाचा सिंह

एका राजमहालात हसायची चोरी झाली होती. समुद्रापलीकडून आलेल्या एका मांत्रिक चिताऱ्याने तिथल्या एका दालनाच्या भिंतींवर प्राणी रंगवले. ते त्याने कधी पाहिले नव्हते, नुसते ऐकले होते. त्याचा सिंह पाहून दरबार पोट धरधरून हसला. चितारी म्हणाला, "यापुढे या दालनात जो हसेल तो चित्र होऊन भिंतीला लागेल. माझ्या सिंहाला कुणी मनापासून सिंह मानील, तेव्हाच शाप सुटेल." आणि रंगाच्या वाटीत उतरून तो नाहीसा झाला.

त्यानंतर पहिला हसला युवराज विजयध्वज. आज सूर्यास्ताला त्याचा रंग वाळणार होता, मग तो कायमचा भिंतीचा. म्हणून त्याची बहीण कनकगौरी निघाली.

दारावरची साळुंकी म्हणाली, "बाईसाहेब, माघारी फिरा. भ्यालात की तुम्ही फिदीफिदी हसता, साऱ्या नगराला ठाऊक आहे."

"मलाही ठाऊक आहे. दार उघड."

आत पहिली मांजर. तोंड बाईचे, ओठ मुडपलेले. "माझ्या मिशा कशा आहेत?" तिने विचारले. कनकगौरीने पदर दातांत धरला.

पुढे घोडा. दोन्ही डोळे एकाच गालावर, गुडघे उलटे. "दौडून दाखवू?"

"नको, दमाल," ती म्हणाली, आणि दंडाला रक्त येईतो चिमटा काढला.

घोड्याशेजारी विजयध्वज होता. सपाट, वाकड्या मानेचा, सहा बोटांचा. डोळे तेवढे ओले होते. ते तिच्याकडे वळले.

मग सिंह भिंतीतून उतरला. तोंड थेट खजिनदार आबाजीपंतांचे, आयाळीला मधोमध भांग. पण श्वासाला कच्च्या मांसाचा वास होता.

"मी कोण?"

कनकगौरीला हसू फुटले. थांबेचना. तिची पावले सपाट झाली, रंग गुडघ्यांपर्यंत चढला.

"तूही हसलीस," सिंह म्हणाला, आणि त्याने जबडा उघडला.

"महाराज, मी भ्याले हो! भ्याले की मला हसूच येते. खाऊ नका मला!"

सिंह थबकला. "मला भ्यालीस?"

"सिंहाला नाही भिणार तर कुणाला?"

सिंहाने पाठ फिरवली, पंज्याने डोळे पुसले. मग जन्मात पहिल्यांदा तो गरजला. शाप सुटला. कनकगौरीच्या पायांवरचा रंग ओघळून गेला. विजयध्वज धपकन खाली पडला, पाच बोटांचा.

सिंह आपल्या जागी परत गेला. महालात लोक पुन्हा हसू लागले. त्या दालनात मात्र ते आधी थरथर कापतात, नमस्कार करतात, आणि बाहेर येऊन हसतात.

कनकगौरी तेवढी आतच हसते. सिंहाला ते चालते.