तळाला अक्षरं असलेला कटोरा

दोष मीर बुरहानचाच. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या हौदापुरातली म्हातारी मंडळी 'अल्लाची मर्जी' म्हणून मोकळी होतात. मर्जी कसली? माणसाने केलं ते.

हा समोरच्या काचेतला तांब्याचा कटोरा. संग्रहालयात तलवारी आहेत, सुरया आहेत, पण गावातले लोक येतात ते याच्यासाठी. वाकून तळ बघा. आमच्याच तांबट आळीतल्या कुणीतरी कोरलेली अक्षरं आहेत : 'पाणी पाजणाऱ्याने सर्वांत शेवटी प्यावं.' पैगंबरांची शिकवण. भरल्या कटोऱ्यात ती हलतात, रिकाम्यात स्वच्छ दिसतात.

असं सांगतात, की एका दुष्काळात विहिरी आटल्या आणि दर्ग्याच्या हौदात तेवढं पाणी उरलं. रमजान चालू होता. मीर बुरहान हौदाचा मुतवल्ली, म्हणजे कारभारी. पाणी वाटायचा मान त्याचा, म्हणून शेवटी प्यायचं तेही त्यानेच. पण रोजा सुटायची बांग झाली, की पहिला कटोरा स्वतःच तोंडाला लावायचा म्हणे. मग किल्लेदाराची माणसं. मग त्यांची घोडीसुद्धा. गाव मागे ताटकळत उभं.

पाणी भरून द्यायची त्याची मुलगी, रुकय्या. ती एकदाच बोलली.

"अब्बा, कटोऱ्याचा तळ एकदा वाचा ना."

"मला शिकवतेस? केस उन्हाने नाही पांढरे झाले माझे!"

पुढच्या रांगेतले मोठे लोक हसले म्हणे.

त्या दिवसापासून बापाने मोडलेला नेम तिने स्वतः धरला. सगळ्यांना पाजून उरलं तर घोटभर प्यायची, आणि उरायचं क्वचितच. अशीच सुकत गेली. बापाला दिसलं नाही. तो पिऊन आधीच घरी गेलेला असायचा.

एका संध्याकाळी पाणी तळाला गेलं. शेवटी उभी होती गोदा कुंभारीण, कडेवर तापाने फणफणलेलं पोर.

"बाई, तुम्ही घ्या आधी. ओठ फुटलेत तुमचे."

"मी वाटणारी आहे गं. पाज त्याला."

पोराने कटोरा संपवला. हौदात चिखल उरला. रुकय्या पायरीवर टेकली ती उठलीच नाही. मीर बुरहान धावत आला, चिखल फडक्यातून पिळून त्याने थेंब काढले, पण ते तिच्या ओठांवरून ओघळून गेले. मग रिकाम्या कटोऱ्यातली ती अक्षरं त्याने मोठ्याने वाचली म्हणे. रुकय्याला हसलेले ते मोठे लोक तेव्हा खाली मान घालून उभे होते.

आजही हौदापुरात लग्न असो की मयत, पाणी रांगेच्या शेवटाकडून फिरतं. पोरं, बाया, परके आधी; मानाचे म्हातारे सर्वांत मागून. कुरकुरतात. कुरकुरू देत. संग्रहालयाच्या दारातल्या माठालाही तोच नियम आहे, तेव्हा आजोबा, तुम्ही जरा थांबा, त्या छोटीला पिऊ द्या.

मीर बुरहान त्यानंतर मरेपर्यंत शेवटीच पाणी प्याला. त्याला ती एकच मुलगी होती.