लांडग्याची उपमा

“म्हणजे, तो माणूस लांडगा आहे म्हणतोस?”

मोरगिरीबाबांनी विचारलं, तेव्हा त्यांचा शिष्य जयराम आपलं नवं कवन म्हणून नुकताच थांबला होता. मान अजून ताठ होती.

गावातल्या रावजीने आपल्या पांगळ्या थोरल्या भावाला घराबाहेर काढलं होतं. तो भाऊ आता मठाच्या ओसरीवर पडून असे. जयराम त्याला रोज आपल्या हाताने भरवायचा, आणि भरवताना त्याच्या जिवाचा संताप व्हायचा. जत्रेत सगळ्या गावासमोर हे कवन म्हणायचं आणि रावजीला तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. बाबांचा होकार तेवढा हवा होता.

“लांडगाच तो. दुसरी उपमाच नाही त्याला.”

“लांडगा पाहिलायस?”

“...नाही.”

बाबा उठले.

उन्हं कलताना दोघं मठामागच्या माळावर गेले आणि एका बांधाआड पालथे पडून राहिले. समोर झुडपाखाली एक बीळ होतं. आवाज करायचा नाही, एवढंच बाबांनी बजावलं होतं.

बराच वेळ गवताखेरीज काही हललं नाही. जयरामला मुंग्या चावत होत्या.

मग बिळातून पिल्लं बाहेर आली. त्यांच्यामागून एक म्हातारा लांडगा लंगडत आला. मागचा एक पाय नुसता लोंबत होता. शिकार करणं आता त्याच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

लांबून मादी धावत आली. अंग धुळीने भरलेलं, जीभ बाहेर. पिल्लं तिच्या तोंडाला झोंबली. तिने पोटातलं मांस ओकून त्यांच्यापुढे टाकलं.

मग ती त्या म्हाताऱ्याकडे गेली. त्याने हळूच तिचा जबडा चाटला. तिने पुन्हा अंग आखडलं, आणि पोटात उरलं होतं ते त्याच्यापुढे ठेवलं.

तो खात होता तोवर ती त्याला टेकून बसून राहिली...

आपल्या कवनातली लांडग्याची ती ओळ आठवून जयरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राहवेना, तेव्हा तो बाबांच्या कानाशी लागला.

“काय माया आहे हो, बाबा... अगदी माणसासारखी.”

बाबांनी घाईघाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू बोल... तिच्या कानावर जाईल.”