‘हैबत म्हणे’च्या पुढचं

“पण शेवटचा तुकडा देऊन टाकला, तर मग मला विचारणार कोण, बाबा?”

असं म्हणून विश्राम घोंगडेनं छाती अशी काही पुढं काढली, की शर्टाचं वरचं बटण जीव मुठीत धरून बसलं.

चिंधीबाबा विहिरीच्या कठड्यावर बसले होते. मांडीत दह्याचं मडकं. अंगावर नावाला शोभतील एवढ्या चिंध्या.

“कसला तुकडा?”

“अहो, बुवांच्या भजनाचा!”

बुवा म्हणजे हैबतबुवा, चिंधीबाबांचे गुरू. जन्मभर गायले, पण टेपवर सापडले एकदाच. ती कॅसेट विश्रामनं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि लगेच टेपरेकॉर्डरनं तिच्या शेवया केल्या. तेव्हापासून बुवांचा आवाज विश्रामच्या घरी नांदायला आला.

बुवा सगळ्यांचे, म्हणून विश्रामनं भजन वाटायला काढलं. दुकान नाही, मालक नाही, मधे दलाल नाही. ह्याच्या मशीनमधून थेट त्याच्या मशीनमध्ये. भजनाचे बारीक बारीक तुकडे करायचे. आपल्याकडे असेल तो तुकडा दुसऱ्याला द्यायचा, नसेल तो त्याच्याकडून घ्यायचा. सुरतेच्या तुळशीरामचा तुकडा बार्शीच्या कमळाबाईंना, कमळाबाईंचा दुबईतल्या कुणा ड्रायव्हरला. ज्यांनी शेजाऱ्याला कधी शिडी दिली नाही, तेसुद्धा वाटायला बसले.

सगळं सगळ्यांकडे पोचलं. फक्त शेवट सोडून.

भजन रंगत जायचं, टाळ चढायचे, ऐकणारा पुढं सरकून बसायचा. बुवा तान घ्यायचे, “हैबत म्हणे…”

आणि चिडीचूप.

हैबत काय म्हणे, ते विश्रामच्या गळ्यात होतं. खरोखरच गळ्यात. काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह, ताइतासारखा. आपल्या मशीनमधूनही त्यानं तेवढा तुकडा पुसून टाकला होता. कुणी चोरायला नको.

“रोज निरोप येतात, बाबा. ‘विश्रामशेठ, हैबत काय म्हणे तेवढं सोडा की!’ शेठ म्हणतात मला! शाळेत मला घोंगड्या म्हणायचे सगळे. मास्तर धरून.”

“मंग?”

“उद्या बुवांची पुण्यतिथी. भर मांडवात, माईकवर सांगून शेवट सोडतो. तुम्ही एकच करायचं. माझ्या गळ्यात हार घालायचा.”

“आन् आज सोडला तर काय बिघडंल?”

“मनुष्यस्वभाव, बाबा! मिळालं की माणूस मशीन बंद करून पसार होतो. घ्यायला सगळे पुढं, द्यायला कुणी नाही. मी शेवट धरून ठेवलाय, म्हणून तर सगळे बसून आहेत. नाहीतर कधीच पांगले असते.”

बाबांनी मान डोलावली.

“हे मातर खरं हाय.”

विश्राम फुगला. बाबा कुणाचं म्हणणं असं पटकन खरं धरत नसत. मागं एक पुढारी पाया पडून ‘मी आपला सेवक’ म्हणाला, तर बाबांनी त्याच्या हातात खराटा दिला होता आणि गोठा दाखवला होता.

“बघू तुजा ताईत.”

विश्रामनं दोरा गळ्यातून काढून मोठ्या मानानं बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो दोन बोटांत धरला. हात लांब केला… आणि विहिरीवर लोंबकळत सोडला.

“बाबा!”

“काय रं?”

“खाली विहीर आहे!”

“ठावं हाय. मीच खणलीया.”

“बुवांचा आवाज आहे त्यात!”

“त्यो तर तू गावोगाव वाटलास न्हवं?”

“शेवट नाही वाटला!”

“मंग शेवट कुणापाशी हाय?”

विश्रामनं कठडा घट्ट धरला.

“…तुमच्या बोटांत.”

“माजी बोटं थरथरत्यात, इश्रामा. सकाळचा निम्मा च्या धोतरच पितंय.”

दोरा हलत होता. विश्रामचे डोळे त्याच्याबरोबर इकडून तिकडं, तिकडून इकडं. विहिरीतून एक पारवा फडफडत वर आला, तर विश्राम जागच्या जागी खाली बसला. छाती कुठं गेली कोण जाणे, बटण मात्र निवांत झालं.

बाबांनी हात मागं घेतला आणि दोरा त्याच्या गळ्यात टाकला.

“हं. घातला हार. आता उद्याला माजी खोटी करू नगं.”

मग जणू काही झालंच नाही, अशा थाटात त्यांनी मडकं तोंडापाशी घेतलं आणि दही खायला लागले. बोटांनी खाल्लं. कडा चाटल्या. बुडाशी हात घालून तळ पुसून काढला. तेही चाटलं.

विश्राम धपापत बघत होता. बघता बघता त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि गेलेला जीव एकदम परत आला. गुरूची चूक सापडली, की शिष्याला जे बाळसं येतं ते तुपानं येत नाही.

“बाबा, चुकलात!”

“आं?”

“सगळं खाल्लंत! विरजणाला चमचाभर तरी ठेवायचं! आता उद्याचं दही कसं लावणार?”

“ठिवलंय की.”

“कुठं? मडकं तर आरशासारखं लख्ख केलंत!”

बाबांनी दह्याचं बोट टेकडीच्या पायथ्याकडं केलं. खाली वाडी होती. तिथल्या बायका याच मडक्यातून कधी ना कधी विरजण घेऊन गेल्या होत्या.

“सगुणाकडं हाय. बानूबीकडं हाय. त्या भांडकुदळ पारूकडं बी हाय. तिचं जरा आंबट…”

विश्राम हसायला गेला, आणि मधेच थांबला.

त्याचा हात गळ्याशी गेला.

मग त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. पेनड्राइव्ह भोकात जाईना, कारण आता थरथरणारी बोटं त्याची होती. एकदाचा गेला.

“सोडतो, बाबा.”

“मला कशाला सांगतोस? त्या मानसांना सांग.”

विश्रामनं शेवट सोडला. पहिल्यांदा सुरतेत पोचला, मग बार्शीला, मग दुबईला. टेकडीवर बुवांचा आवाज घुमला, “हैबत म्हणे…” आणि या वेळी हैबत पुढचंही म्हणाला. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. काय म्हणाला ते इथं लिहीत नाही. कुणाकडंही मागा, मिळेल.

तेवढ्यात लॅपटॉपकडं बघत विश्राम ताडकन उठला.

“बघा! बघा, बाबा! तुळशीराम पळाला! मिळालं आणि मशीन बंद! मी म्हणत नव्हतो? मनुष्यस्वभाव!”

बाबांनी मडकं उन्हात पालथं घातलं.

“खाऊ दे त्याला. समद्या गावाला येकाच दिशी भूक लागत न्हाई.”