केरबाने माणूस तपासला

एका गावात केरबा नावाचा पन्नाशीचा एक भोळा शिपाई होता. कॉलेजात वासंती मॅडमच्या प्रयोगशाळेत कामाला. सांगितलेलं कधी चुकवायचा नाही. सांगितलं तसंच करायचा, आणि तिथेच घोळ व्हायचा.

मॅडमकडे शहरातून बर्फाच्या खोक्यात दोन इवल्या बाटल्या आल्या. आत अँटीबॉडी. माणसाच्या पेशींभोवती प्रथिनांचं जाळं असतं ना, तेवढ्यालाच हे औषध चिकटतं आणि निळ्या दिव्याखाली हिरवं चमकतं. सोमवारी विद्यापीठाचे साहेब येणार होते. त्यांना ही चमक दाखवली तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर कुलूप.

केरबाने एक बाटली उचलली. हाताला गार लागली.

"कुडकुडली की गं बिचारी!" म्हणत त्याने ती उन्हात ठेवली. नासली. दुसरी मॅडमनी हिसकावली म्हणून वाचली.

"अहो केरबा, बाहेरून बाटली आली की आधी बर्फात घालायची!"

"बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी माणसाच्या जिवंत पेशींची बाटली आली. केरबाने ती बर्फात खुपसली. पेशी मेल्या.

"अहो, जिवंत होत्या त्या! जिवंत असेल ते उबेच्या पेटीत ठेवायचं."

"बरं मॅडम."

शनिवारी एका टाकाऊ बशीवर बुरशी दिसली. वाढतेय म्हणजे जिवंतच. केरबाने बशी पेटीत ठेवली, वर फडकं पांघरलं. सोमवारी पेटीभर बुरशी! पेटीतल्या आधीच्या पेशीही गेल्या. त्यांची एकच काचपट्टी बाहेर होती, तेवढी वाचली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "काहीही काय आत घेता हो? आधी तपासायचं! या अँटीबॉडीचा थेंब टाकायचा, तीनदा धुवायचं, निळ्या दिव्याखाली बघायचं. चमकलं तर माणसाचं. नाही चमकलं तर आत घ्यायचं नाही!"

"बरं मॅडम." हे केरबाला अगदी पटलं.

अँटीबॉडीची बाटली टेबलावर ठेवून मॅडम आत सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी लावायला गेल्या, तोच दारात विद्यापीठाचे साहेब. सफारी, चकचकीत टक्कल.

"मॅडम आहेत?"

"आहेत. डोकं जरा खाली करा."

टिळा लावतोय वाटतं, म्हणून साहेब हसून वाकले. केरबाने थेंब टाकला. डोकं मोठं, थेंब पुरेना. मग अख्खी बाटली ओतली. बादलीतल्या पाण्याने तीनदा धुतलं. निळा दिवा फिरवला. कानामागेसुद्धा बघितलं.

"अहो, कोण आहे का तिकडे?" साहेब किंचाळले.

मॅडम धावत आल्या. केरबा दारात दोन्ही हात आडवे लावून उभा.

"मॅडम, यांना आत घेऊ नका. बाटली संपवली, पण साहेबांच्यात माणसाचं काही निघालं नाही."