अठ्ठावीस नॉटचा वारा

"तिला जमलं, मग मला का जमू नये?"

हेरंब मयेकर पायऱ्या चढता चढताच विचारत होता. आबांच्या पडवीत त्याचा पाय अजून पडायचा होता.

आबा नुकतेच विहिरीवर अंघोळ करून आले होते. खांद्यावर ओला पंचा, हातात कपबशी. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि मग वर पाहिलं.

"बस."

"बसायला वेळ नाही, आबा. जहाज बाहेर उभं आहे."

ते खरंच होतं. पांढरंशुभ्र, मजल्यावर मजले चढवलेलं पर्यटकांचं जहाज खाडीच्या तोंडाशी उभं होतं आणि पडवीतून अख्खं दिसत होतं. तीन हजार पाहुणे कठड्याला रेलून आमच्या बेटाकडे बघत असणार. खाली धक्क्यावरचा बाजार त्यांच्याकडे बघत होता. शहाळी रचून झाली होती, कोकम सरबताच्या बाटल्या ओळीनं लागल्या होत्या, शिंपल्यांच्या माळा टांगल्या होत्या. आता फक्त जहाज धक्क्याला लागायचं बाकी होतं.

असलं जहाज कप्तान स्वतःहून आत आणत नाही. त्याला आमचे खडक काय ठाऊक? बंदराचा पायलट लहान बोटीनं जहाजावर जातो, दोरीच्या शिडीनं चढतो आणि टगच्या, म्हणजे जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या दणकट बोटीच्या, मदतीनं ते धक्क्याला आणून लावतो. वारा फार असला तर आणायचं की परत पाठवायचं, हेही तोच ठरवतो.

आमच्याकडे पायलट दोन. एक हेरंब, दुसरी नूतन तारी. दोघंही आबा केळुसकरांच्या हाताखाली तयार झालेले. आबा म्हणजे या बंदराचे जुने मुख्य पायलट. निवृत्त झाले, पण बंदर अजून त्यांना विचारल्याशिवाय शिंकत नाही.

आज पाळी हेरंबची होती.

"वारो किती?" आबांनी विचारलं.

"अठ्ठावीस नॉट."

"मगे हय कित्याक इलस? नूतन खाली धक्क्यार आसा."

हेरंबनं धक्क्याकडे पाहिलंच नाही.

आमच्या बंदराची एक रीत आहे, आणि ती आबांनीच घालून दिलेली आहे. वारा पंचवीस नॉटच्या, म्हणजे ताशी सेहेचाळीस किलोमीटरच्या, वर गेला, की जाणाऱ्या पायलटानं आपला सगळा बेत दुसऱ्या पायलटाला तोंडानं बोलून दाखवायचा. वारा कुठला, जहाज कुठून आत घेणार, कुठे वळवणार, पहिला दोर कुठे देणार. दुसऱ्यानं त्यावर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं.

"तिला नाही सांगणार," हेरंब म्हणाला.

"कित्याक?"

"ती ऐकून घेईल. मान हलवेल. मग मी जहाज आणलं की सगळं बंदर म्हणेल, नूतनला विचारून आणलं."

आबांनी बशी तोंडाला लावली. चहा संपवला.

हेरंबचं दुखणं सगळ्या बेटाला माहीत होतं. त्याला वाटायचं, कुणाला माहीत नाही.

गेल्या महिन्यात असंच एक मोठं जहाज वाऱ्यात अडकलं होतं. पाळी नूतनची होती. तिनं ते आत आणलं, अंडं ठेवावं तसं अलगद धक्क्याला टेकवलं. बाजारातल्या बायकांनी तिच्या गळ्यात सुरंगीच्या फुलांचा वळेसर घातला. आमच्याकडे तो वळेसर नवरीच्या नाहीतर देवीच्या वाट्याला येतो. पायलटाच्या गळ्यात तो कधी कुणी पाहिला नव्हता.

त्या दिवशी हेरंबनंही टाळ्या वाजवल्या. इतरांचे हात थांबले तरी याचे चालूच होते. मग तो खोलीवर गेला आणि जेवला नाही.

नूतन बेटाची मुलगी. हेरंब रत्नागिरी शहरातून आलेला. परीक्षेत तो तिच्या पुढे होता, पगारात पुढे होता, पाण्यावर तिच्याआधी दोन वर्षं होता. तिनं जहाज आणलं त्या दिवसापासून बाजारात शिरला की त्याला त्या फुलांचा वास यायचा. सुरंगीचा हंगाम सरला तरी यायचा.

"आबा, तिचा वारा सव्वीस होता," हेरंब म्हणाला. "आजचा अठ्ठावीस आहे."

"बरा."

"म्हणजे मी आणलं तर... तिच्यापेक्षा जास्त वाऱ्यात आणलं, असं होईल की नाही?"

"होयत."

"मग मी जाऊ?"

"रीत काय आसा?"

"तुम्हाला सांगतो ना! तुम्हीही पायलटच आहात."

आबांनी कपबशी खाली ठेवली. पडवीच्या कडेला, समुद्राकडे पाठ करून ते बसले होते. हेरंब त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याला आबा दिसत होते आणि आबांच्या डोक्यावरून खाडी, धक्का, बाहेरचं जहाज, सगळं दिसत होतं.

"सांग बघया. कसा आणतलस?"

हेरंबनं श्वास घेतला. हे त्याला तोंडपाठ होतं. रोज अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं हे जहाज आत आणलं होतं.

"खाडीच्या उत्तरेच्या अंगानं आत घेणार. डोंगराच्या जवळून."

"हं."

"डोंगर उत्तरेला आहे. त्याच्या आडोशाला आलं की जहाजावरचा वाऱ्याचा भार निम्म्यानं कमी होतो. तिथे वेग कमी करायचा."

"हं."

"मग जहाज हळूहळू वळवायचं. डोंगराच्या पायथ्याच्या काळ्या खडकांपासून लांब राहायची चिंता नाही, वाराच त्याला खडकांपासून दूर ढकलत राहील. टग मागे ठेवायची, नुसती हात लावायला. पहिला दोर पुढचा."

"बरोबर," आबा म्हणाले. "नूतनान पण पुढचोच दिलेलो."

हेरंबचा चेहरा क्षणभर पडला.

"दिला असेल. पण मी वेग तिच्यापेक्षा कमी ठेवणार. ती थोडी जोरातच आली होती, आबा. तुम्ही बघितलं नसेल, मी बघितलं. मी सगळं बघितलं."

"त्या दिसाचा सगळा तुझ्या ध्यानात आसा."

"सगळं."

"ती खय वळली?"

"जुन्या कस्टमच्या गोदामासमोर. गोदामाची खिडकी दिसली की."

"टगवाल्याक पयली हाक कधी दिल्यान?"

"वळल्यावर. लगेच नाही. श्वासभर थांबली होती." हेरंबनं तो श्वास घेऊन दाखवला.

आबा त्याच्याकडे बघत राहिले... मायेनंच बघत असावेत. आमच्यापैकी कुणाकडे ते असं बघतात तेव्हा त्याला मात्र पळून जावंसं वाटतं.

"आणि वारो खयचो, हेरंबा?"

"सांगितलं ना. अठ्ठावीस."

"किती ता नाय. खयचो?"

"उत्तरे—"

तो शब्द पुरा झाला नाही.

आबांनी खांद्यावरचा पंचा काढून, एक टोक चिमटीत धरून, हात वर केला होता. ओला पंचा उलगडला आणि फाटकन हेरंबच्या तोंडावर बसला.

हेरंबनं तो बाजूला केला. पंचा पुन्हा येऊन त्याच्या तोंडावर बसला.

आबांनी हात खाली घेतला नाही.

वारा दक्षिणेचा होता. सकाळपासून दक्षिणेचाच होता. उत्तरेचा होता तो नूतनच्या दिवशीचा. बाहेरून, मोकळ्या समुद्रावरून, कसलाही आडोसा न घेता खाडीत शिरत होता आणि पडवीत उभ्या असलेल्या हेरंबच्या थेट तोंडावर येत होता. त्याचे केस मागे उडत होते. सदरा अंगाला चिकटला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं ते वाऱ्यानंच.

दक्षिणेच्या वाऱ्यात डोंगराचा आडोसा मिळत नाही. त्या वाऱ्यात एवढं उंच जहाज शिडासारखा वारा धरतं, आणि वारा त्याला नेतो ते सरळ काळ्या खडकांवर. आमच्या एकुलत्या एक टगनं कितीही ओढलं तरी ते थांबलं नसतं. हेरंबला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. परीक्षेत याच प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी पडले होते.

"यंत्रावर... यंत्रावर दिशा होती," तो पुटपुटला. "मी आकडा बघितला."

आबांनी पंचा पिळला आणि कठड्यावर वाळत टाकला. उडू नये म्हणून त्याच्यावर एक शहाळं ठेवलं.

"आबा... मी कोणाचं जहाज आणत होतो?"

आबांनी रिकामी कपबशी उचलली.

खाली धक्क्यावर कुणीतरी गाणं लावलं होतं. बाहेरच्या जहाजानं एक लांब भोंगा दिला. ते विचारत होतं.

हेरंबनं कमरेचा वॉकीटॉकी काढला. हातात धरून उभा राहिला. हे त्याच्या तोंडून निघणं किती कठीण होतं ते कुणालाही समजेल. अख्ख्या बाजारानं ज्या जहाजासाठी पहाटेपासून दुकानं मांडली, ते परत पाठवायचं. आणि पाठवणारा तो, बाहेरचा. आणणारी ती, बेटाची.

"कप्तान," तो इंग्रजीत म्हणाला, "आज बंदर घेता येणार नाही. वारा खडकांकडे आहे. तुम्ही पुढच्या बंदराला जा."

पलीकडून आभार आले. अगदी सरळ, मनापासून. हेरंबला ते ऐकूही आले नसावेत.

जहाज वळायला लागलं. एवढं मोठं धूड, वळायला वेळ लागतो. कठड्यावरची माणसं हात हलवत होती. ती हौसेनं हलवत होती. बेट लांबूनही त्यांना सुंदरच दिसलं असेल.

खालचं गाणं बंद झालं.

आणि मग बाजार वर आला. पुढे शहाळीवाली पार्वतीकाकी, मागे माळावाल्या, त्यांच्या मागे आणखी कोण कोण. पार्वतीकाकीचा आवाज पायऱ्यांच्या खालूनच ऐकू येत होता.

"धाडलंस परत? आता ह्या शहाळ्यांचा मी काय करू? तुझ्या डोक्यार ओतू?"

"काकी, वारा—"

"वारो वारो काय सांगतस! मागच्या म्हयन्यात वारो नव्हतो? आमच्या नूतनान आणल्यान असता!"

"आणल्यान असता!" मागच्या बायका म्हणाल्या.

हेरंब पांढरा पडला. त्याला हेच ऐकायचं नव्हतं, आणि सकाळपासून त्याच्या कानात दुसरं काही नव्हतंही.

गर्दीतून वाट काढत नूतन वर आली. डोक्यावर टोपी, पायात रबरी बूट. तिनं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा हेरंबकडे.

"गप रवा गो," ती बायकांना म्हणाली. "माका पण जमला नसता. तेना बरोबर केल्यान."

बायका गप्प झाल्या. तिनं सांगितल्यावर लगेच झाल्या.

"बरा केलस रे," ती हेरंबला म्हणाली. तिच्या आवाजात खोट नव्हती.

हेरंबला ते सहन झालं नाही. बायकांच्या शिव्या त्यानं पोटात घातल्या असत्या, पण हे जाईना. तिनं त्याची बाजू घेतली होती, आणि तिच्या एका वाक्यानं बाजार शांत झाला होता. त्यानं हजार वाक्यं बोलली असती तरी झाला नसता. त्यानं मान हलवली आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

बायका पायऱ्या उतरल्या. नूतनही उतरली. जाता जाता ती पार्वतीकाकीला म्हणत होती, चला, शहाळी शाळेत नेऊन देऊया, पोरं खूश होतील. काकी हसलीसुद्धा.

पडवीत दोघंच उरले.

जहाज आता पाठमोरं झालं होतं. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या, काळ्या खडकांवर पांढरा फेस चढत होता आणि उतरत होता. जहाजाचं पोट जिथे लागलं असतं ती जागा इथून अगदी स्पष्ट दिसत होती.

"आबा."

"हं."

"मी बरोबर केलं ना?"

"केलस."

दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून हेरंबनं पुन्हा तोंड उघडलं. यावेळी आवाज बारीक होता.

"एकच सांगा. खरं सांगा. ती बायकांसमोर म्हणाली जमलं नसतं... ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाली का? तिची पाळी असती, तर तिनं आणलं असतं?"

आबा उठले. त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी खडकांवरच्या फेसाकडे पाहिलं.

"हेरंबा," ते म्हणाले, "तुका खयच्यान बरा वाटला असता? तिना जहाज धक्क्याक लावल्यान असता तर... की त्या दगडार घातल्यान असता तर?"