शेवटच्या शेतापासून

आमच्या बंधाऱ्यावरून निघणारा पाट पाहायला पाहुणे येतात, तेव्हा एक गोष्ट त्यांना उलटी वाटते. पाणी आधी मिळतं ते पाटाच्या टोकाच्या शेताला. बंधाऱ्याजवळची शेतं सगळ्यात शेवटी भिजतात. गावातले म्हातारे भिकनआप्पा त्याचं कारण सांगतात ते असं.

पूर्वी पाण्याची पाळी वरूनच, बंधाऱ्याकडून सुरू व्हायची. पुंजू नावाचा पाटकरी प्रत्येकाच्या पाळीप्रमाणे पाणी सोडायचा. टोकाचं शेत भागाबाईचं. तिची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणात गेली. माहेरी आली असताना तिने बांधाजवळ लिंबोणीचं रोप लावलं होतं. त्या उन्हाळ्यात रोपाने मान टाकली, कारण भागाबाईच्या पाळीला पाणी पोचतच नव्हतं.

तिने विचारलं की वरचे लोक म्हणत, "वाटेत झिरपलं असेल, मावशी." कुणी म्हणे, पाणी आपसूक वळलं. कुणी उंदरांवर ढकलून मोकळा होई.

"उंदीर भारी हुशार हो तुमचे," ती म्हणे, "बरोबर माझ्याच पाळीला बीळ पाडतात."

पुंजू तिचं पाणी आपल्या भावाच्या उसात सोडत असे. त्याला तो 'घरच्यांची नड भागवणं' म्हणे.

एके दिवशी भर दुपारी भागाबाई नदीवरून घागर भरून बांधाने निघाली. शेजारून पाट तुडुंब वाहत होता.

"मावशी, इथेच बुडवायची की घागर!" पुंजू म्हणाला.

"आज पाळी दुसऱ्याची. घेतलं तर चोरी व्हायची, बाबा."

पाटावर तो शब्द तोवर कुणी काढलाच नव्हता म्हणे. पुंजू काही पावलं तिच्या मागून चालला. मग म्हणाला, "मावशी, तुझं पाणी झिरपलं नाही. मी चोरलं. भावाच्या उसाला दिलं."

भागाबाई थांबली. मग डोक्यावरची घागर उतरवून तिने त्याच्या हातात दिली.

"सांडू नको," एवढंच म्हणाली.

त्याने रोपाला पाणी घातलं आणि तिथेच शपथ घेतली, की पाळीच्या दिवशी हे शेत भिजल्याशिवाय मी पाणी पिणार नाही. तेव्हापासून पाळी टोकाकडून सुरू होऊ लागली. रोप जगलं का, यावर गावात दोन मतं आहेत. आप्पांची आजी सांगायची, ते आधीच वाळलं होतं. भागाबाई तरी पाणी घालत राहिली.

आजही पाळीच्या दिवशी पाटकरी सकाळपासून तहानलेला टोकाशी येतो. त्या शेतातली बाई तांब्या भरून उभी असते. पाणी कमी आलं असेल, तर कुणी चोरलं ते नाव घेऊन मगच त्याने प्यायचं. नाव त्याचं स्वतःचं निघालं, तरी ती तांब्या मागे घेत नाही.